मालकाच्या मंजुरीसाठी

आमच्या खारदांड्याच्या कोळीवाड्यात मंजुळामावशीशी भांडून जिंकलेला माणूस मी पाहिला नव्हता. गेल्या मोसमात पाहिला. तिचा धाकटा दीर, हरेश्वर. आणि तोही तसा भांडला नाहीच. त्याने मोबाईलवरचं एक बटण दाबायचं टाळलं, एवढंच.

मी निशा, त्यांची शेजारीण. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे, त्यामुळे तिकडचं काही मला विचारावं लागत नाही, बसल्या जागी ऐकू येतं. नोकरीला मी अंधेरीला, मरोळच्या एका कंपनीत आहे. दिवसभर स्क्रीनवर ‘मंजूर’ आणि ‘नामंजूर’ बघत असते, म्हणून या गोष्टीचा मला जरा जास्तच राग येतो. तो लपवायचा माझा विचार नाही.

मावशी साधीभोळी वगैरे अजिबात नव्हती, हे आधीच सांगते. अंधेरीच्या बाजारात तिची बसायची जागा ठरलेली, आणि त्या जागेवर चुकून दुसरी कोणी टेकली तर पूर्ण बाजाराला तमाशा फुकट. गिऱ्हाईक बोंबील उचलून वास घ्यायला लागलं की ती म्हणायची, “लग्न लावाचं हाय काय त्याचेशी? घ्याचा तर घे.” गिऱ्हाईक चिडायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्याकडेच यायचं. वाटा लावताना वरती मोठी मासळी आणि खाली बारीक हा उद्योगही ती करायची. पण घरच्या बोटीचं म्हावरं आणि बर्फातलं शिळं म्हावरं तिने कधी एका पाटीत घातलं नाही. “माझे बोटीचा हाय” असं ती म्हणाली की गिऱ्हाईक भावासाठी घासाघीस करत नसे.

ही ‘माझी बोट’ कागदावर तिची नव्हती. तिचा नवरा हिराजी गेला तेव्हा हरेश्वर मिसरूड फुटलेला पोरगा होता. परवाना आणि डिझेलसाठी कागदावर एकच नाव लागतं, तर मावशीनेच हरेश्वरचं नाव घालायला लावलं. “मी काय समुद्रान जाते? माझा नाव कशाला?” असं म्हणून सही करून मोकळी झाली. तिच्या दृष्टीने त्यात देण्याघेण्यासारखं काही नव्हतंच. आमच्याकडे बोट पाण्यात असेपर्यंत पुरुषांची. किनाऱ्याला लागली की त्यातली मासळी बाईची. ती निवडणार, ती लिलाव पुकारणार, उरलेली डोक्यावर घेऊन तीच बाजारात जाणार. नाखवा म्हणजे बोटीचा मालक, आणि नाखवीण म्हणजे ती मासळी विकणारी. हे कुठे लिहिलेलं नाही. चूल कुठल्या बाजूला आहे हे घरातल्या माणसाला लिहून ठेवावं लागत नाही, तसंच.

हरेश्वरची बायको इरावती ब्युटी पार्लर चालवते. पाटीला तिने कधी हात लावला नाही, मावशीनेही तिला लावू दिला नाही. विक्री मावशीचीच राहिली. त्या विक्रीवर तिने दिराचं लग्न केलं, बोटीचं इंजिन बदललं, आणि कोळीवाड्यात ताठ मानेने नाखवीण म्हणून फिरली.

मग आमच्या मच्छीमार सोसायटीला डिजिटल व्हायचं वेड लागलं.

वेड म्हणणं बरोबर नाही. गरज होती. बर्फ कोणी किती उचलला, डिझेल कोणाच्या वाट्याचं किती राहिलं, यावरून रोज कचेरीत हमरीतुमरी. मोठे खरेदीदार म्हणायचे, बोट येण्याआधी मासळीचा अंदाज कळला तर चांगला भाव देऊ. सोसायटीचा सेक्रेटरी परेश, आमच्याच दांड्याचा. अंधेरीत आयटीत चांगली नोकरी होती, ती सोडून बापाच्या बोटीसाठी परत आलेला. पोरगा कामाचा. त्याने कमिटीला समजावलं की हल्ली अ‍ॅप बनवायला प्रोग्रामर लागत नाही. तयार टूलं मिळतात. त्यात हवे ते रकाने आणि बटणं ओढून मांडायची, आणि अमुक झालं की तमुक मेसेज आपोआप जाईल असं लावून द्यायचं. कंपन्यांमधून सगळीकडे हेच चालतं. आमच्या मरोळच्या हापिसात माझा रजेचा अर्जही असाच कुठल्या तरी साहेबाच्या मोबाईलवर जाऊन झोपतो.

मासेमारी बंद असते त्या दिवसांत, जाळी दुरुस्त करताना, सोसायटीच्या हॉलमध्ये तीन टूलं दाखवायचं ठरलं. मी तेव्हा कामावर होते. पण तिथे काय झालं ते मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की मी हजर होते असंच मला वाटतं.

पहिलं टूल घेऊन टाय लावलेली दोन माणसं आली. मोठा पडदा, समोसे, आणि पूर्ण इंग्रजी. त्यात आलेख होते, रंगीत गोल होते, आणि दर माणशी दर महिना भाडं होतं. कमिटीला ते फार आवडलं. कमिटीला जे कळत नाही ते नेहमीच आवडतं. दुसरं टूल म्हणजे एक भलामोठा तक्ता. स्वस्त होतं, पण मोबाईलवर त्याचे रकाने एवढाले बारीक की तांदूळ निवडायला बसल्यासारखं वाटे. तिसरं मराठीत चालणारं. मोठी बटणं, मासळीची चित्रं, बोलूनही भरता येईल असं. पण दिसायला अगदीच साधं. चेअरमननी नाक मुरडलं. पोरांचा खेळ वाटतो म्हणाले.

तेव्हा मावशी उठली. ती येताना पाण्याची बालदी घेऊन आली होती. का, ते कोणालाच कळलं नव्हतं. तिने बालदीत हात बुडवला आणि परेशला म्हणाली, “दे मोबाईल.”

“अगं मावशी, खराब होईल ना!”

“होऊ दे. धक्क्यावर माझा हात कंदी सुका असतं काय रं? जो ओल्या अंगठ्याने चालंल तो खरा.”

तिने ओल्या हाताने तिन्ही टूलं चालवून बघितली. पहिल्याने तिला दोनदा बाहेर काढलं. दुसऱ्यात तिने बोंबलांच्या जागी बर्फ भरला. तिसऱ्यात मोठं बटण दाबलं, आणि मोबाईल मराठीत बोलला, “नोंद झाली.” हॉलमध्ये बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर मावशीला आवरणं कोणाला शक्य होतं? तिने चेअरमनला भर सभेत विचारलं की समोसे आवडले की टूल. आठवडाभर ती घरोघर फिरली, एकेका बाईला पटवलं, आणि तिसऱ्या टूलावर शिक्कामोर्तब करवून घेतलं. एक अटही तिनेच घालायला लावली. उद्या कोणी कचेरीत बसून कोणाच्या बोटीची माहिती फिरवली तर? म्हणून बोटीच्या मालकाच्या मंजुरीशिवाय त्या बोटीच्या नोंदीत एक अक्षर बदलायचं नाही. सगळ्यांना ते रास्त वाटलं. ठरावात आलं.

त्या आठवड्यात परेशने काय काय नोंदवायचं ते सगळ्यांना विचारलं. बोटीचा नंबर, मालकाचं नाव, मालकाचा मोबाईल, बोट चालवणारा तांडेल कोण, खलाशी किती, मासळीचे प्रकार, बर्फ, डिझेल. जो तो काहीतरी सुचवत होता. एकाने तर खलाशांचा रक्तगटही घालायला सांगितला. पण विकणारं कोण, हा रकाना कोणी सुचवला नाही. मावशीनेही नाही. परेशला तरी का सुचावं? तोही कोळ्याचाच मुलगा, त्याची आईही रोज पाटी घेऊन बाजारात जाते. बाहेरच्या कोणी, त्या टायवाल्यांनी जरी हे काम केलं असतं, तरी विचारलं असतं की किनाऱ्यावर मासळी ताब्यात कोण घेतं. आम्ही आपलेच होतो, म्हणून विचारलं नाही.

नारळी पौर्णिमा झाली, बोटी निघाल्या, अ‍ॅप सुरू झालं. तांडेल किनाऱ्याजवळ रेंज आली की चित्रावर बोट ठेवून मासळी भरायचा. लगेच मेसेज मालकाच्या मोबाईलवर आणि सगळ्या नोंदलेल्या खरेदीदारांकडे. खरेदीदार भाव टाकणार, मालक ‘मंजूर’ दाबणार, टोकन निघणार, बर्फ सुटणार. सगळं आपोआप. पहिले काही दिवस हरेश्वर मोबाईल घेऊन मावशीकडे यायचा. “वहिनी, हा बघ, गोरेगावची कंपनी पूर्ण माल मागते.” ती म्हणायची, “नको. माझी गिऱ्हाइकां वाट बघतान.” तो मान डोलवून जायचा.

मग तो यायचा बंद झाला.

एके सकाळी मावशी पाटी घेऊन धक्क्यावर गेली तर तिच्या बोटीचे बोंबील आणि मांदेली बर्फाच्या टेम्पोत चढत होती. ती टेम्पोच्या पुढ्यात उभी राहिली. तिच्या शिव्या आमच्या घरापर्यंत आल्या. ड्रायव्हर गोरेगावचा, बिचारा घाबरून मोबाईल पुढे करत होता. “मौसी, टोकन है ना मेरे पास. मालिकने मंजूर किया.”

“मालकीन हितं उभी हाय!”

ड्रायव्हरने मोबाईलमध्ये बघितलं, मग तिच्याकडे बघितलं. मोबाईलमध्ये ती नव्हती.

घरी येऊन तिने हरेश्वरला उभा केला. भिंतीपलीकडून मला एकेक शब्द ऐकू आला.

“हऱ्या, कोनाला इचारून इकलास?”

“मी कुठं विकलं वहिनी? मेसेज आला, दाबला. सिस्टम तशीच आहे. तूच निवडलीस ना?”

“मी निवडली ती माझे हाताने चालवाला!”

“मग सोसायटीत सांग. मी काय करू?”

असं बोलला तो. ज्याच्या लग्नात हळदीच्या रात्री ही बाई पायाची सालं निघेपर्यंत नाचली, तो. त्याच्या आवाजात राग नव्हता, लाज नव्हती. एखाद्या खिडकीवरचा कारकून बोलतो तसा बोलला. मला वाटलं, उठावं आणि भिंतीवर लाथ मारावी.

मावशी तडक परेशकडे गेली. परेशने डोक्याला हात लावला. त्याला तत्क्षणी कळलं काय राहिलं ते. “अरे यार, वाट लागली,” एवढंच म्हणाला. पण मग हसला. म्हणाला, “मावशी, टेन्शन नको घेऊ. हेच तर या टूलचं चांगलं आहे. पाच मिनिटांचं काम.” आणि खरंच तिच्यासमोर त्याने नवा रकाना टाकला. ‘विक्री कोणाची?’ त्यात नाव भरलं की भाव मंजूर करायचा मेसेज त्या बाईच्या मोबाईलवर जाणार. त्याने मंजुळा हिराजी भगत असं नाव भरलं, तिचा नंबर घातला आणि बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली. ‘बदल मालकाच्या मंजुरीसाठी पाठवला आहे.’

तिचीच अट. तिला वाचून दाखवायची वेळ परेशवर आली.

दांड्यातल्या प्रत्येक बोटीच्या मालकाला तशी विनंती गेली. बहुतेकांनी दुपारपर्यंत ‘मंजूर’ दाबलं. दाबतील नाही तर काय, त्यांच्या बायका घरात होत्या. न दाबून रात्री जेवणार कुठे? परेशच्या बापाने तर मोबाईल सरळ बायकोच्याच हातात दिला, तूच दाब म्हणाला. राहिल्या फक्त विधवा. कोणाची बोट दिराच्या नावावर, कोणाची पुतण्याच्या. त्यांच्या विनंत्या तशाच पडून राहिल्या. या टूलने कोळणींचं वाटोळं केलं असं मी म्हणणार नाही. ज्या बाईमागे बटण दाबणारा पुरुष होता तिला काही झालं नाही. बाकीच्यांना त्याने नेमकं शोधून काढलं, आणि ते शोधायला त्याला कोणी सांगितलंही नव्हतं.

हरेश्वर नाही म्हणाला नाही, हे लक्षात घ्या. नाही म्हणाला असता तर बरं झालं असतं. मावशीला भांडता आलं असतं, चारचौघांत त्याला ओढता आलं असतं. तो म्हणायचा, “बघतो वहिनी.” कधी म्हणायचा रेंज नव्हती. कधी मोबाईल चार्जिंगला. रोज सकाळी त्याला आपोआप आठवण जायची, आपली एक विनंती प्रलंबित आहे. तो ती बघायचा आणि अंगठ्याने बाजूला सारायचा. मी एकदा गच्चीवरून स्वतः पाहिलं. चहा पिता पिता, माशी हाकलावी तसं.

मावशीने परेशला म्हटलं, “तू साहेब ना त्याचा? तूच दाब.”

परेशला दाबता येत होतं. सगळ्या किल्ल्या त्याच्याकडेच होत्या. पण तो खाली बघत म्हणाला, “ठराव आहे ना मावशी. आज तुझ्यासाठी दाबलं तर उद्या कोणीही येईल.” शिवाय हरेश्वर कमिटीवर होता, हे तो बोलला नाही. पोरगा वाईट नाही. पण चांगल्या माणसांचा असल्या वेळी काही उपयोग होत नाही, हे मी आता पक्कं शिकले आहे.

कमिटीपुढेही ती गेली. पूर्वी असं काही झालं असतं तर पंचांनी हरेश्वरला बोलावून, सगळ्या कोळीवाड्यासमोर खाली मान घालायला लावली असती. कमिटीने पडद्यावर बघितलं. मालक हरेश्वर. चेअरमन म्हणाले, “मंजुळाबाई, हा तुमचा घरगुती मामला. सोसायटी यात पडू शकत नाही.” आणि वर समोशांचा वचपा काढावा तसं म्हणाले, “टूल मात्र झकास निवडलंत हां तुम्ही.” हॉलमधल्या बायका, ज्यांच्यासाठी ती घरोघर फिरली होती, त्या मूग गिळून बसल्या. त्यांच्या विनंत्या मंजूर झाल्या होत्या.

परेशला बहुधा मन खात असावं. त्याने मंजुरी न लागणारी एक गोष्ट केली. विक्री झाली की जो मेसेज मालकाला जातो, त्याची एक प्रत मावशीच्या मोबाईलवर जाईल असं लावून दिलं. निदान तिला कळेल तरी. म्हणजे झालं काय, की ती भल्या सकाळी दुसऱ्याकडून विकत घेतलेली मासळी घेऊन अंधेरीला बसायची आणि तिच्या कमरेचा मोबाईल मोठ्याने बोलायचा, “आपल्या बोटीची मासळी विकली गेली आहे.” मराठीत, स्पष्ट, शेजारच्या बायकांना ऐकू जाईल असं. तिला तो आवाज बंद करता येत नव्हता. मी करून देते म्हटलं तर नको म्हणाली.

“ऐकू दे गो,” म्हणाली. “माझे नवऱ्याचे बोटीची खबर हाय.”

गिऱ्हाइकं विचारायची, आजी, तुमच्या बोटीचं आहे ना? ती पहिल्यांदाच बोलायची बंद झाली. खोटं बोलणं तिच्या स्वभावात बसत नव्हतं, आणि खरं सांगायला ती तयार नव्हती. मग एकेक गिऱ्हाईक भाव पाडून मागायला लागलं. तिने त्या भावात दिलं. मावशीने भाव कमी केला हे मी कामावरून परत येताना बाजारात डोळ्यांनी पाहिलं, आणि तिला न भेटताच पुढे गेले. तिला ते आवडलं नसतं.

मोसम संपत आला तेव्हा ती सोसायटीच्या कचेरीत गेली आणि खरेदीदार म्हणून नाव नोंदवून आली. मला काहीच बोलली नाही. परेशने नोंद केली आणि तिला न विचारता फी माफ केली. तिने फी त्याच्या टेबलावर ठेवली आणि निघून आली.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. मी तिच्याबरोबर धक्क्यावर गेले. तिची बोट लागायची होती. मोबाईल वाजला, बोंबील, करंदी, थोडी वाकटी. तिने भाव टाकला. गोरेगावच्या कंपनीपेक्षा बराच जास्त. त्यात तिला काही सुटणार नव्हतं, हे मलाही कळत होतं. हरेश्वर समोरच बर्फाच्या खोक्यावर बसला होता. त्याचा मोबाईल वाजला. त्याने वाचलं, वर बघितलं नाही, आणि दाबलं. महिनोन्‌महिने जे बोट तिच्या विनंतीवर हललं नव्हतं ते क्षणात हललं.

बोट लागली. म्हातारा तांडेल उतरला. हिराजी असल्यापासूनचा माणूस, तिला नाखवीणच म्हणणारा. तिला बघून त्याचं तोंड फुललं. “आलीस काय गो नाखवीण!” म्हणत त्याने पाटी भरली आणि उचलून तिच्या डोक्यावर द्यायला गेला.

“तांडेल,” खोक्यावरून हरेश्वर बोलला, “आधी टोकन बघ. नियम आहे.”

तांडेल पाटी हातात धरून तसाच उभा राहिला. मावशीने मोबाईल काढून पुढे धरला. त्याला वाचता येत नव्हतं. त्याने एकदा तिच्याकडे, एकदा मालकाकडे बघितलं. शेवटी हरेश्वर उठून आला, त्याने वहिनीच्या हातातला मोबाईल घेतला आणि धक्क्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

“मंजुळा हिराजी भगत. खरेदीदार.” त्याने मोबाईल तिला परत दिला. “बरोबर आहे. दे तिला.”